चार सुतीचा स्टड

तात्याराव वाघमारे हडपसरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होते. नव्याण्णव साली साहेबांनी सगळ्यांना बोलावून स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती यांची. त्यानंतर पाच वर्षांत त्यांना कुणी साधा नळ आवळायलाही बोलावलं नाही. दांडेकर पुलाजवळच्या त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आयटीआयचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. घरात फिटर उरला होता तो तेवढाच.

म्हणूनच जेव्हा मुलगा प्रज्ञेश जेवताना म्हणाला, "पप्पा, आमच्या ऑफिसने एक अँटिक ट्रॅक्टर घेतलाय. रिस्टोअर करणारा माणूस शोधतायत, तुम्ही बघता का?" तेव्हा तात्याराव अर्ध्या ताटावरून उठले आणि त्यांनी पलंगाखालची पान्यांची पेटी ओढली. बायको, जया, ओरडली, "अहो, हात तरी धुवा!"

ट्रॅक्टर विलायती, पन्नासएक वर्षांचा, बाणेरच्या त्या चकचकीत इमारतीमागे शेडमध्ये उभा होता. ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या नीरजा मॅडम म्हणाल्या, "काका, पुढच्या शुक्रवारी परदेशातले पाहुणे येतायत. तोवर तयार हवा."

"चालू करून देतो," तात्याराव म्हणाले.

"वा, छान," म्हणत मॅडम फोन घ्यायला वळल्या. पण तात्यारावांनी तो शब्द गाठीला बांधला. इंजिन धडधडलं की आपण पुन्हा फिटर. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

इंजिन खोललं. त्याचं वरचं झाकण, हेड, खालच्या ओतीव ब्लॉकवर आवळून धरणारे दहा स्टड होते, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट. नऊ शाबूत निघाले, दहावा गंजून तुटला. तो चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा, इंचाला बारा आटे असलेला, जुन्या इंग्रजी मापाचा. आणि पुण्यातल्या दुकानांनी इंचाला केव्हाच निरोप दिला होता. नाना पेठेतला दुकानदार वर न बघताच म्हणाला, "चार सुती? बारा एमएम घ्या, नाहीतर वाट मोकळी करा." भवानी पेठेत तर तेवढंही बोलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याला एक नग कापून द्या म्हटलं, तर तो हसला. मशीन संगणकावरचं, शंभर नगांखाली लावत नाही म्हणे. सात दिवस बसचे धक्के खात तात्याराव फिरले. उभ्या शहरात आपल्या मापाचं काही उरलेलं नाही, हे त्यांना कळून चुकलं.

बुधवारी, जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात तो सापडला. जाडी तीच, लांबी तीच. तात्यारावांनी आट्यांवरून अंगठ्याचं नख ओढलं. त्यांच्या खात्यात आटे मोजायला गेज लावणं म्हणजे नवशिकेपणा. खरा फिटर नखाने मोजतो. नख म्हणालं, बारा.

घरी जया म्हणाली, "पेटीत गेज आहे ना? एकदा लावून तर बघा."

"सव्वीस वर्षांत लावलं नाही, ते आता लावू?" म्हणत ते बाणेरची बस पकडायला निघाले.

स्टड हाताने तीन फेरे गेला आणि जड झाला. गंज असेल, असं तात्यारावांना वाटलं. पान्याला पाइप लावून त्यांनी अंगचा सगळा जोर टाकला. बारीकसा आवाज झाला. भोकापासून ब्लॉकवर केसाएवढा तडा गेला होता.

मग त्यांनी पेटीतून गेज काढलं. तेरा आटे. स्टड अमेरिकन मापाचा होता. आता हा ब्लॉक गेला, आणि दुसरा कुठून आणणार? तात्याराव तिथेच फरशीवर बसले. लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. आयुष्यभर ज्या नखावर विसंबलो, ते कधीपासून खोटं सांगत होतं, कोण जाणे.

त्यांनी लपवलं नाही. नीरजा मॅडमना बोलावून तडा दाखवला. त्या वाकल्या. "हे बाहेरून दिसेल?"

"वरून हेड ठेवलं, पुट्टी भरली की नाही दिसणार. पण मॅडम, इंजिन आता चालू व्हायचं नाही."

"अहो काका, एवढंच ना? चालू कुठे करायचंय? रिसेप्शनसमोर उभा करायचाय फक्त. धूर नकोच तिथे." त्यांनी तात्यारावांच्या खांद्यावर हात ठेवला. "रंग तेवढा मस्त मारा."

बाई मनाने चांगलीच होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर तात्यारावांना बरं वाटलं असतं.

त्यांनी हेड नुसतं ठेवून दिलं, तड्यात पुट्टी भरली, घासली, आणि गुरुवारी दिवसभर लाल रंगाचे हात मारले.

शुक्रवारी प्रज्ञेश उड्या मारतच घरी आला. "पप्पा, पाहुणे जाम खूश! सगळ्यांनी ट्रॅक्टरवर बसून फोटो काढले. आमचे मोठे साहेब मॅडमना म्हणाले, पेंटर छान शोधलात."

जयाने नवऱ्याकडे पाहिलं.

"हो," तात्याराव म्हणाले, "रंग चांगला बसलाय."