टॉवेलाला झालेला कॅन्सर

आमच्या सरांएवढे सत्कार करून घेणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. साखर कारखाना असो की कुणाचं बारसं, सर फेटा बांधून हजर, आणि परतताना खांद्यावर नवाकोरा टॉवेल. शाली घरी जात, टॉवेल प्रयोगशाळेत येत. त्या ढिगावर उभं राहून आम्ही छताचे पंखे पुसायचो. काचेची भांडी तर त्या टॉवेलांनीच पुसायची, असा हुकूमच होता. सत्काराचा टॉवेल लागला की भांडं पवित्र होतं म्हणे!

तिथंच माझ्याबरोबर भवानी पेठेतल्या विणकराची मुलगी सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. कॅन्सर ओळखणारा तिचा सेन्सर म्हणजे एक कण. त्याच्याशेजारी मोहरी ठेवली तर ती सिद्धेश्वर तलावाएवढी दिसावी. कणाला विझवलेला रंग बांधलेला. कॅन्सरच्या पेशींतलं एन्झाइम तो बांध कातरतं, रंग सुटतो आणि जांभळ्या दिव्याखाली उजळतो. निरोगी पेशींपाशी अंधारच राहायला हवा.

पण त्या हिवाळ्यात सगळंच उजळायला लागलं. आजारी पेशी, निरोगी पेशी, नुसतं पाणीसुद्धा.

"सर, पाण्याला कॅन्सर होत न्हाई," ती म्हणाली.

"अगं, सेन्सर लई तेज झालाय की! हेच प्रबंधात लिही. न्हाईतर माझी सही विसर."

म्हणजे खोटं लिहायचं, नाहीतर सगळी वर्षं मातीत.

पुढच्याच आठवड्यात चिंचोळीच्या एका टॉवेल कारखान्यात सरांचा सत्कार होता. सरांनी भर सभेत दिवे घालवले, जांभळा दिवा लावला आणि तिच्या सेन्सरची नळी उंच धरली. "बघा, कॅन्सर असा पकडायचा!"

नळी चमकली. पण खांद्यावरचा टॉवेल असा पेटला, की बाहेर भरदुपारी कोंबडे आरवले.

मालक खूश. "सर, आमची पांढरं करायची पावडर हाय ती! दिव्याखाली अशीच चमकती. पण आधी धुऊन घ्या, हाताला, भांड्याला लागती."

"टॉवेलातबी एन्झाइम असतं," सर म्हणाले. सभा इतकी हसली, की पत्रे थरथरले.

दुसऱ्या दिवशी तिनं भांडी धुऊन, टॉवेल न लावता नुसतीच पालथी वाळवली. दिव्याखाली पाणी काळं, निरोगी पेशी काळ्या. कॅन्सरच्या पेशी तेवढ्या फिकट हिरव्या.

अख्ख्या सभेनं पाहिल्यावर सर सही अडवतील कशाला? पेन उघडताना फक्त पुटपुटले, "टॉवेलाचं तेवढं लिहू नको."

ती सही वाळेपर्यंत थांबली आणि मग त्यांना प्रबंधातलं टॉवेलाचं प्रकरण उघडून दाखवलं.