पतीची सही

ताईच्या नवऱ्याला मी भाऊजी म्हणते. अजूनही म्हणते, पण तेव्हा माझ्या मनात जे असतं ते चांगलं नसतं, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कागद म्हटला की मला बोलावतात. रेशनचा असो, बँकेचा असो. ताईला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा धाकटा आठ महिन्यांचा होता, आणि गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात तिचं काम नुकतंच पक्कं झालं होतं. तिला हे मूल नको होतं. भाऊजींना न सांगता आम्ही दोघी एका खाजगी दवाखान्यात गेलो. दुसरा महिना सुरू होता. फॉर्म मी भरला, ताईने खाली सही केली. काउंटरवरच्या बाईने कागद उलटसुलट पाहिला.

"नवऱ्याची सही कुठी हाय?"

"फॉर्ममध्ये तशी जागा नाही," मी म्हणाले.

"मंग बनव नं जागा. शिकलेली दिसून राहिली तू."

मी पट्टी काढली. ताईच्या सहीखाली सरळ रेघ मारली आणि माझ्या चांगल्या अक्षरात 'पतीची सही' असं लिहिलं. बाई म्हणाली, "अक्षर मस्त हाय वं तुझं." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

भाऊजी खापरखेड्याला ठेकेदाराकडे कामाला आहेत. ताईने कागद पुढे ठेवला तेव्हा ते ओरडले नाहीत, तिच्यावर हात उचलला नाही. कागद चार दिवस टीव्हीशेजारी पडून होता. ताई रोज विचारायची आणि ते हसून "पाहू" म्हणायचे. तिचं ते रोजचं विचारणं त्यांना आवडत होतं, असं मला तेव्हाही वाटलं. पाचव्या दिवशी त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "आईले विचारलं. नाही म्हणते."

ताईचं काम सुटलं. मुलगी झाली. पोरीवर माझा राग नाही. मी गेले की ती माझ्या कडेवरून उतरत नाही.

पुढच्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला मॅडमनी गर्भपाताचा विषय घेतला. बाईच्या पोटाबद्दल नवरा, सासू, शेजार, डॉक्टर असे किती जण ठरवतात, ते त्या सांगत होत्या आणि मी उतरवून घेत होते. मग त्या सहज म्हणाल्या, कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही दवाखाने आपल्या डोक्याला ताप नको म्हणून मागतात. माझा पेन तिथेच थांबला.

त्या काउंटरवरच्या बाईला सुनवायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या पलीकडून परत आले. ताईला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रेघ कोणी मारली तेही बोलावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात मुलीचा दुसरा वाढदिवस झाला. भाऊजींचे तीन मित्र जेवायला बसले होते. मुलगी आत झोपली होती.

"हे पोरगी माझ्यामुळं हाय," भाऊजी मित्रांना म्हणाले. "हिच्या मावशीनं तर कागद तयार करून आणला होता. मीच सही नाही केली. माझ्या सहीबिगर या घरात पान हलत नाही. " ते माझ्याकडे वळले. "काहून मॅडम, बरोबर नं?"

मी याच वाक्याची वाट पाहत होते.

"भाऊजी, तुमच्या सहीची गरजच नव्हती. कायद्यात ताईची एकटीची पुरते. चार दिवस तुम्ही रद्दी सांभाळली."

एक मित्र फिसकन हसला. भाऊजींचा घास हातातच राहिला. कान लाल झाले. "तुले कोनं सांगतलं?"

"कॉलेजात शिकवलं."

ताई भात वाढत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "कधी शिकवलं वं?"

"दीड वर्ष झालं."

"अन् आज सांगून राहिली. यांच्या दोस्ताईसमोर."

तिने भाताचं पातेलं माझ्या ताटाजवळ ठेवलं आणि आत गेली. मला तिच्यामागे उठून जाता आलं असतं. मी गेले नाही. भाऊजींचा चेहरा मला अजून थोडा वेळ बघायचा होता.