मिठाच्या पाण्याने गप्प होणारं पिल्लू

कोंबडीच्या पिल्लाची घालमेल मेंदूतल्या कुठल्या अमिनो आम्लाने कमी होते, हे मला शोधायचं होतं. अमिनो आम्ल टोचलेलं पिल्लू डब्यात एकटं ठेवायचं आणि त्याच्या घाबऱ्या हाकेला, प्रत्येक चिवचिवीला, वहीत पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. पण तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेली पिल्लंही चटकन गप्प व्हायची! महिनाभर नुसता वैताग.

शेवटी गोखिवऱ्याला घरी चिडूनच आईला प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला. तिचा जन्म अंगणातल्या कोंबड्यांत गेलेला. ती म्हणाली, “अगं, तुझी पेन्सिल केवढी टकटक वाजते! त्याला वाटतं, आई दाने टिपते.”

मी व्हिडिओ पुन्हा लावला. प्रत्येक टिंबाला पिल्लू माझ्याकडे वळत होतं. महिनाभराची मेहनत पाण्यात! एकही पिल्लू एकटं नव्हतं. सगळ्यांची आई मीच झाले होते.