गोजरकाकूंचं सोसन

हट्ट्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी गोजरकाकूंच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली आणि तिथंच राहते, हे सहावं वर्ष. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं, की हळदीचं बेणं निवडायची वेळ आली की अर्ध्या गावातून काकूंना बोलावणं येतं. त्या ढिगापुढं बसायच्या, एकेक गड्डा उचलून अंगठ्यानं दाबायच्या आणि उजवीकडं नाहीतर डावीकडं टाकायच्या. उजवीकडचं लावायचं, डावीकडचं शिजवायचं. कसं कळतं, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हाताला कळतं. मला कुठं कळतं?"

घरात काकू आणि किसनराव दोघंच. त्यांची एकुलती एक मुलगी पुनम केंद्रीय राखीव पोलीस दलात शिपाई, श्रीनगरला नेमणूक. भरती व्हायला काकूंचा सक्त विरोध होता. त्यांनी तिच्यासाठी परभणीकडचं एक चांगलं स्थळ बघून ठेवलेलं होतं. पुनमनं ऐकलं नाही, आणि काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. दर रविवारी फोन यायचा तो किसनरावांच्या फोनवर. "माय कशी हाय?" पुनम विचारायची. "बरी हाय," किसनराव सांगायचे. काकू दोन हातांच्या अंतरावर शेंगा फोडत बसलेल्या असायच्या, पण मान वर करायच्या नाहीत. अशी चार वर्षं गेली होती.

मी राहायला गेले त्या वर्षी जूनमध्ये पुनम सुट्टीवर आली. तिनं बॅगेतून जुन्या मोज्यात बांधलेले चार कंद काढले आणि आईपुढं ठेवले. हळदीच्या गड्ड्यासारखेच, पण चपटे, वरून तपकिरी, खाली वाळलेल्या मुळ्या.

काकू तिच्याशी बोलल्या नाहीत, पण कंद उचलला. अंगठ्यानं दाबला. मग दुसरा. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मॅडम, इचारा तिला, हे काय हाय."

"फुलाचं हाय," पुनमनं मलाच उत्तर दिलं. "आमच्या कॅम्पाजवळ एक म्हातारे माळी हायेत. त्यांनी दिलं. इंग्रजीत आयरिस म्हणतात. ते सोसन म्हणतात. भरपूर ऊन पायजे म्हणले."

"सोसन?" काकू पहिल्यांदा थेट बोलल्या. "मग सोसंल की आपलं ऊन."

पुनम हसली. आठ दिवसांनी ती परत गेली.

काकूंनी कंद हळदीच्याच वाफ्यात लावले, कारण त्यांना तेच माहीत होतं. चार बोटं खोल, वर माती, वर उसाचं पाचट. हळद वीतभर झाली तरी सोसनचा पत्ता नाही. श्रावणात उकरलं तर तीन जागी नुसता काळा, वास मारणारा चिखल निघाला. चौथ्या जागी चुकून लावलेला हळदीचाच गड्डा निघाला. काकूंच्या हातचं बेणं कुजलं, ही गोष्ट त्यांच्या जिवाला फार लागली. किसनराव समजूत घालायला गेले, "थंड मुलखाचं झाड, इथं कशाला जगतंय," तर त्यांच्यावरच उखडल्या. "माझ्याच हातानं मारलं ते. थंडीचं काय काढता?"

चौथा कंद दसऱ्याच्या आधी सापडला. न्हाणीच्या भिंतीला लागून मुरमाचा ढीग होता. काकू त्यावरचं गवत काढत होत्या. बेणं नेताना टोपल्यातून सोसनचा एक गड्डा तिथं घरंगळला असावा. तो मुरमावर उघडाच पडला होता. खालून मुळ्या मुरमात घुसलेल्या, पाठ उन्हाकडं, आणि टोकाला चार हिरवी पानं, हातपंख्यासारखी एका ओळीत मांडलेली.

त्यांनी मला हाका मारमारून बोलावलं. "बघा मॅडम! ज्याला गादीवर निजवलं ते मेलं, अन् ज्याला फेकलं ते जगलं. ह्याला पांघरूण नगं होतं. पाठीवर ऊन पायजे होतं."

त्या रविवारी किसनराव फोनवर बोलत होते. "माय कशी हाय?" नेहमीचा प्रश्न आला. किसनराव "बरी" म्हणायच्या आत काकूंनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "ह्याला पानं किती असतात?"

पुनम म्हणाली, "उद्या इचारून सांगते, माय."

त्यानंतर दोघींचं रविवारचं बोलणं सुरू झालं. आधी फक्त सोसनबद्दल. पाणी किती, खत कोणतं, पानाचं टोक पिवळं पडलं तर काय. पुनम माळीबाबांना विचारून यायची आणि त्यांची मोडकी हिंदी मराठीत उतरवून सांगायची. हळूहळू मधेच "जेवलीस का?" येऊ लागलं. एकदा काकूंनी विचारलं, "रात्रीच्या डूटीला पायात गरम काही घालतीस का?" आणि लगेच, "बरं, ते शेणखताचं सांग."

दुसऱ्या वर्षी एका पंख्याचे चार पंखे झाले, पण फूल आलं नाही. उन्हाळ्यात पुनमनं एक फोटो पाठवला. टेकडीचा उतार, आणि त्यावर कमरेइतकी उंच, पांढरी-जांभळी फुलंच फुलं. काकू तो गल्लीभर दाखवत हिंडल्या. शेजारच्या शकुंतलाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"गोजरबाई, हे फुलांच्या मधी दगड कशाचे उभे हायेत?"

काकूंनी बघितलं. मीही बघितलं. त्या कबरी होत्या.

"मसणातलं झाड न्हाणीजवळ लावलंस?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "पोरगी तिकडं बंदुकीसमोर उभी, अन् इकडं दारात हे. उपटून टाक."

मसणापेक्षा त्यांचं पुढचं वाक्य काकूंच्या काळजात गेलं. चार दिवस त्या ढिगाकडं फिरकल्या नाहीत. किसनरावांनी कुदळ हातात घेतली तेव्हा मात्र म्हणाल्या, "थांबा. रविवार येऊ द्या."

रविवारी त्यांनी सरळ विचारलं, "काहून लावतात गं तिथं मेलेल्यांवर?"

पुनमला ठाऊक होतं. ती म्हणाली, "माय, मी माळीबाबांना हेच इचारलं होतं. ते म्हणले, ह्याला कुणी पाणी घालायला यावं लागत न्हाई. एकदा लावलं की दर साली आपोआप फुलतं. घरची माणसं लांब गेली, मरून गेली, तरी त्याच्याजवळ कुणीतरी असतं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि उठून शकुंतलाबाईंच्या ओट्यावर गेल्या. "झेंडू तिरडीवर बी जातो अन् दसऱ्याला दारावर बी चढतो," त्या म्हणाल्या. "फुलाचा काय गुन्हा? ऱ्हाऊ दे माझं." शकुंतलाबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

तिसऱ्या वर्षी पौषात अशी थंडी पडली की केळीची पानं करपली. किसनराव गोणपाट घेऊन सोसन झाकायला निघाले. काकूंनी त्यांच्या हातून गोणपाट ओढून घेतलं. "तिथं त्याच्यावर बर्फ पडतो. गार लागू द्या त्याला."

फेब्रुवारीच्या शेवटी हळद शिजवायची धांदल सुरू होती. एका सकाळी काकू धावतच माझ्या खोलीत आल्या. "मॅडम, एक पान सुजलंय. रोग पडला वाटतं." जाऊन बघितलं तर ते पान नव्हतं. पंख्याच्या मधून जाड, गोल दांडा वर निघाला होता. पंधरा दिवसांत तो माझ्या कमरेच्या वर गेला आणि त्याला चार कळ्या धरल्या.

पहिली कळी उमलली त्या सकाळी हळदीच्या कढईजवळच्या सगळ्या बाया काम टाकून आल्या. तीन पाकळ्या वर उभ्या, फिकट जांभळ्या. तीन खाली लोंबलेल्या, गर्द, वांग्याच्या रंगाच्या. आणि प्रत्येक लोंबत्या पाकळीवर पिवळ्याधमक केसांची पट्टी.

"अगं बया, ह्याला तर दाढी हाय!" एक जण ओरडली आणि हशा पिकला. शकुंतलाबाई जरा मागं उभ्या होत्या. त्याही पुढं आल्या, वाकल्या आणि वास घेतला. "द्राक्षासारखा येतोय," म्हणाल्या.

पुनम ड्युटीवर होती, फोन लागला नाही. काकूंनी दिवसभर फुलाजवळ खुर्ची टाकली आणि ऊन वाढलं तशी स्वतःची छत्री फुलावर धरून बसल्या. "ऊन सोसतं ना हे?" मी चिडवलं. "गड्डा सोसतो. फूल लेकरू हाय," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मी फोन धरला आणि काकू फुलाशेजारी उभ्या राहिल्या. पुनमच्या अंगावर वर्दीच होती. ती बघत राहिली.

"दिसलं का?" काकूंनी विचारलं. "मॅडम, जवळ न्या जरा."

"माय," पुनम म्हणाली, "तू किती वाळलीस गं."

"फूल बघ! माझं काय बघून राहिलीस?"

"तुलाच बघून राहिले."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "वर्दी शोभतीया तुला." इतकंच. पुनमनं फोन बाजूला केला. पडद्यावर काही वेळ नुसती भिंत दिसत होती.

ते फूल तीन दिवस टिकलं. दुसरी कळीही उमलली. उरलेल्या दोन मार्चच्या उन्हात वाळून गेल्या.

त्यानंतर दोन हिवाळे झाले. एकदा फूल आलं, यंदा थंडीच पडली नाही म्हणून नुसतीच पानं. काकूंना त्याचं फारसं दुःख दिसत नाही. मागल्या दिवाळीत पुनम आली तेव्हा मायलेकींनी मुरमात बसून कंद सोडवले आणि ज्यांना हवे होते त्यांच्या घरी दिले. तेव्हाच पुनमनं आईला सांगितलं, की दलातलाच एक मुलगा आहे, सिंदखेडराजाकडचा, प्रज्ञेश नावाचा. काकूंनी त्याचा फोटो बघितला, शेती किती ते विचारलं आणि रागवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

किसनरावांना ही बातमी चार दिवसांनी कळली. ते माझ्या दारात येऊन बसले.

"चार वर्षं पोरीचा फोन मीच घेतला, मॅडम," ते म्हणाले. "अन् आता ह्या दोघी मलाच शेवटी सांगतात. काहून?"

आतून काकू ओरडल्या, "सांगितलं न्हवं आता? या, चहा झालाय."

किसनराव थोडा वेळ रुसून बसले, मग चहा निवायच्या आत उठून गेले. लग्न वैशाखात आहे, हट्ट्यातच.