तक्रारीचं इंग्रजी

श्रीवर्धनपासून माणगावपर्यंतच्या पट्ट्यात तक्रारीवर माझ्या थोरल्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस दुसरा नाही. तक्रारही इंग्रजीतली. आफ्रिकेतल्या एका शाळेत त्यांनी उमेदीची वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन ते हरिहरेश्वरच्या रस्त्यावरच्या आपल्या सुपारीच्या वाडीत परतले, तेव्हापासून ओटीवर त्यांचा वर्ग भरतो. आखातात निघालेले ड्रायव्हर, जहाजावर लागलेले स्वयंपाकी, नर्सिंग झालेल्या मुली, सगळे येतात. माणगावात एखाद्या हॉटेलात वडा गार निघाला, की साडू वेटरला आधी इंग्रजीत सुनावतात आणि मग त्याचं मराठी स्वतःच करून देतात. वेटर तोवर गरम वडा घेऊन आलेला असतो, पण ते वाक्य अर्धवट सोडत नाहीत.

नोकरी मागायचं इंग्रजी कुणीही शिकवील, नोकरी लागल्यानंतरचं कोण शिकवणार, असा त्यांचा सवाल. म्हणून नव्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी एक डुगडुगती खुर्ची राखून ठेवली आहे. पंखा त्याच्यापुरता बंद. आणि मेहुणी आणून देते त्या चहात साखरेऐवजी मीठ. याबद्दल इंग्रजीत बोलल्याशिवाय पुढचा धडा नाही. आता आपल्याकडे दुसऱ्याच्या घरचा चहा कसाही असो, माणूस छान झालाय म्हणूनच कप खाली ठेवतो. त्यामुळे वर्ग पहिल्याच कपापाशी अडतो. एका ट्रक ड्रायव्हरने वर्तमानपत्राची घडी करून खुर्चीच्या पायाखाली सारली आणि निवांत बसला. साडूंनी त्याला नापास केलं. "काम झालं," ते म्हणाले, "पण इंग्रजी कुठं झालं?"

या वेडाचं मूळ मला मेहुणीकडून कळलं. आफ्रिकेत पहिल्या वर्षी त्यांच्या खोलीचं छप्पर गळत होतं. घरमालक रोज भेटायचा, चौकशी करायचा, आणि साडू रोज अस्खलित इंग्रजीत सगळं उत्तम आहे म्हणायचे. तो सगळा पावसाळा त्यांनी पलंगावर छत्री उघडून काढला.

रुबीना त्यांच्या वर्गात आली ती म्हसळ्याहून. नर्स होती. मस्कतच्या नोकरीसाठीची इंग्रजीची परीक्षा पहिल्याच झटक्यात पास झालेली, बोलणंही स्वच्छ. पण मिठाचा चहा ती हसत प्यायची आणि छान आहे, सर, म्हणायची. दर वेळी. सरांनी हो म्हटलं की तिकीट काढतो, असा शब्द तिच्या रिक्षावाल्या वडिलांनी दिलेला, आणि सर काही हो म्हणेनात. व्हिसा आला, रुजू व्हायची तारीख जवळ आली, तेव्हा वडील तिला घेऊन थेट ओटीवर आले. मी तेव्हा तिथंच बसलो होतो.

"एका चहापायी पोरीला अडकवून ठेवता काय, सर?"

"तिथं तिला कुणी छळलं तरी ती छानच म्हणेल," साडू म्हणाले. "मी हो कसं म्हणू?"

रुबीना पायरीवर उभी होती. तिथूनच ती इंग्रजीत बोलली, हळू, पण न थांबता. चहा खारट आहे, हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मावशी आपल्या हाताने आणून देतात म्हणून ती तो पिते. पण तिने जायचं की नाही, हे दोघं पुरुष तिच्यादेखत ठरवतात आणि तिला विचारत नाहीत, हे तिला मान्य नाही.

साडूंनी तिला शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. काही चुकलं का, असं तिने विचारलं. ते नाही म्हणाले, त्यांना नुसतं पुन्हा ऐकायचं होतं. ते ऐकून त्यांनी तिच्या वडिलांना सांगितलं, "तिकीट काढा."

मस्कतहून सुरुवातीला दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. सगळं छान आहे, एवढंच सांगायची, आणि त्या दिवशी साडूंना जेवण जायचं नाही. मग एका शुक्रवारी ती बराच वेळ कुरकुरली. सलग रात्रपाळ्या लावल्या होत्या. ती वरिष्ठांशी बोलली, पाळ्या बदलून घेतल्या. साडूंनी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवलं. त्यानंतर तिच्या अडचणी तिकडेच मिटू लागल्या, तसे फोन कमी होत गेले. ती आता कामात असणार, असं मेहुणी म्हणते. साडू मान डोलावतात. शुक्रवारी संध्याकाळी मात्र ते झोपाळ्यावर बसून असतात, फोन शेजारी ठेवलेला, आणि कुणी विचारलंच तर सगळं छान आहे म्हणतात.