सहा कुत्र्यांचा पोळा

नागपूरहून दिल्लीच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर पुरणाचा डबा होता. मनाली येईपर्यंत तो मी खाली ठेवला नाही. पुरण चांगलं कोरडं आटवून घेतलं होतं, थंडीत चार दिवस टिकेल असं.

लकडगंजच्या आमच्या चाळीतल्या शेवंताबाई पोचवायला आल्या होत्या. "काहून वं, कुत्रे पाहाले एवढ्या दूर चालली? आपल्या गल्लीत कमी हायेत का?" मी पदर तोंडाशी धरून हसले. उत्तर मला कधीच वेळेवर सुचत नाही.

आमचे हे आरा मशीनवर लाकूड कापायचे, पण त्यांचं नाव होतं शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. पराणी न टोचता बैलजोडी पळवणारे धुरकरी (जोडी हाकणारे) म्हणून लोक त्यांना ओळखत. असाच एक पट पाहायला फौजेतून निवृत्त झालेले एक कॅप्टनसाहेब आले. मनालीच्या वर बर्फात त्यांनी कुत्रे पाळले होते. परदेशात कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत होते, तिथे आपल्या उन्हाच्या मुलखातला माणूस उतरवायचा, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी दोघे निवडले. एक आमचे हे, दुसरे मद्रासकडचे रायप्पन. दोघे दिवाळीपासून वर शिकत होते. आता दोघांची आपसात शर्यत होती. जिंकेल तो विमानात बसणार होता. संक्रांतीला हे घरी आले आणि परत जाताना मला सोबत घेतलं.

गाडीत ह्यांचे पाय एका जागी राहत नव्हते. इटारसीला उतरले, भोपाळला उतरले, झाशीला तर गाडी हलल्यावर चढले.

"बसा न जी."

"बसून काय करू? भुरी जेवली असन का नाही, सांग बरं."

भुरी म्हणजे त्यांची सगळ्यात पुढे पळणारी कुत्री. तिची आठवण माझ्यापुढेच काढत होते, म्हणून मी रागावले नाही.

दिल्लीहून पुढे बस. कुल्लूला राजमा-भात खाल्ला आणि पुढच्या वळणावर तो सगळा खिडकीबाहेर गेला. बस नदीच्या कडेकडेने चढत होती. मी डोळे मिटून डबा घट्ट धरला. उघडले तेव्हा समोर बर्फ. जिनिंगच्या अंगणात वेचणीनंतर कापूस पसरतो, तसं वाटलं. हात लावला आणि झटकन मागे घेतला.

कुत्र्यांना मांस घालायला दोर्जेबाबा नावाचे म्हातारे होते. त्यांनी मिठाचा, लोण्याचा चहा दिला. "बैठो, बहनजी." चहा घशाखाली उतरेना, पण त्यांचा चेहरा पाहून मी सगळा प्याले. जुंपायचे पट्टे दिसले की कुत्रे उड्या मारत, किंचाळत, जमीन उकरत. बैल असं करत नाही. जू दिसलं की तो मान पुढे करतो. मला कुत्र्यांकडे पाहून ह्यांचीच आठवण येई.

आमच्या घरी जोडी पटाला निघाली की मी तिला ओवाळून पुरणपोळी चारते. चारल्याशिवाय गाडी हलत नाही. शर्यतीच्या दिवशी पहाटे दोर्जेबाबा पाण्याला गेले तेवढ्यात मी त्यांच्या चुलीवर पोळ्या भाजल्या, तुपात भिजवल्या आणि ह्यांच्या सहाही कुत्र्यांना कुंकू लावून चारल्या. चालेल का, हे कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. भुरीने माझा हात चाटून साफ केला.

हे आले. भुरीच्या कपाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्लेजवर (बिनचाकी गाडीवर) उभे राहिले.

समोरच्या उतारावरच्या देवदाराला वळसा घालून परत यायचं होतं. झाडापर्यंत हे पुढे होते. तिथे भुरी थांबली आणि ओकली. मग दुसरी, मग तिसरी. दोऱ्या एकमेकांत गुंतल्या. रायप्पन शेजारून निघून गेले. बऱ्याच वेळाने आमची गाडी आली. भुरी गाडीत बसलेली, आणि तिच्या जागी हे दोरीला जुंपलेले. लोक हसत होते.

कॅप्टनसाहेब हसले नाहीत. "दोर्जे! गोश्त बासी था?"

"ताज़ा था, साब."

"कल से मत आना."

म्हाताऱ्याने टोपी काढली. हे खाली बर्फाकडे पाहत होते. मी पुढे झाले. अनोळखी पुरुषाशी मी जन्मात बोलले नव्हते.

"साहेब, गोश्त नहीं. मैंने खिलाया."

"क्या खिलाया?"

"पोळी. घी लगाके. दो-दो."

"किसलिए?"

"जीतने के लिए."

साहेबांनी भुरीच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं. मग म्हणाले, पळणाऱ्या कुत्र्याचं पोट रिकामं लागतं, हे कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. दोर्जेबाबांना त्यांनी टोपी घालायला सांगितली. विमानात मात्र रायप्पनच बसणार होते.

परतीला झाशी आली, भोपाळ आलं. हे उतरले नाहीत. इटारसीला मीच विचारलं, "चहा आणता का जी?"

"कुंकू पाह्यलं तवाच समजलं होतं मले," हे खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "वाटलं, एवढ्याशानं काय होते. आन् बुढ्यावर आलं तवाही मी गप्पच राह्यलो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. गाडीत, चारचौघांत.

"भुरीनं किती खाल्ल्या?"

"तीन."

"साहेबाले तं दोन सांगितल्या!" आणि हे मनालीपासून पहिल्यांदा हसले.

नागपूरला शेवंताबाई होत्याच. "जितले का वं?" हे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"हारलो," मी म्हटलं. "माह्या हातानं."

हे अजून पटाला जातात. पटाच्या आदल्या दिवसापासून त्यांचे पाय घरात ठरत नाहीत, आणि आता माझेही ठरत नाहीत. निघताना जोडीला मी फक्त ओवाळते. पोळी परत आल्यावर चारते, जोडी हरून आली तरी.