दुसऱ्या आकड्याआधीचं सरबत

इजिप्तमधल्या दमनहूरच्या स्टेशनरस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या वर एक लहानशी लॅब आहे. तिथे इन्साफ बावीस वर्षं रक्त काढते. हात इतका हलका की पोरं सुई टोचल्यावर रडायचं विसरतात. जिभेचं मात्र विचारू नका. तोंडात तीळ भिजायचा नाही.

रबाब तिच्याच इमारतीत सासूबरोबर राहायची. लग्नाला सात वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती. पाळी चुकली म्हणून ती डॉक्टर सौसन यांची चिठ्ठी घेऊन आली. गरोदरपणाच्या हार्मोनचा आकडा निघाला शहाण्णव.

“मबरूक, अभिनंदन पोरी!” इन्साफने तिथेच, सगळ्यांदेखत, लग्नात काढतात तशी लांब किलकारी काढली. संध्याकाळपर्यंत रबाबच्या सासूने, हाज्जा फिक्रियाने, नऊ घरी लाल सरबत पाठवलं. पहिला पेला इन्साफला.

चिठ्ठीवर ‘दोन दिवसांनी पुन्हा’ असं लिहिलेलं होतं. इन्साफने ते वाचलंही होतं.

दुसरा आकडा आला एकशे दहा.

“वाढलाय की, डॉक्टर!” तिने फोनवर सांगितलं.

“इन्साफ, तुला हे मी सांगायचं? पहिल्या आकड्याने कळतं, पाहुणा दाराशी आलाय. आत येतोय की माघारी निघालाय, ते दुसऱ्यावरून. सुरुवातीला दोन दिवसांत तो जवळजवळ दुप्पट व्हायला हवा. हा रखडलाय. पुन्हा रक्त घे. आणि पोटात दुखलं तर थेट माझ्याकडे ये म्हणावं तिला.”

तिसरा आकडा चव्वेचाळीस. त्याच दिवशी रबाबच्या अंगावरून रक्त जायला लागलं.

मग जिन्यात कुजबुज सुरू झाली. रबाबने गॅसची टाकी उचलली म्हणे. नजर लागली म्हणे. हाज्जाने सुनेशी बोलणं टाकलं. इन्साफ हे सगळं ऐकत होती, आणि एरवी कुणाला बोलू न देणारी ही बाई खाली मान घालून जिना चढत होती. आकडा शून्यावर येईपर्यंत रबाबला दर आठवड्याला यावं लागे. इन्साफ रक्त काढायची, पण रबाबच्या नजरेला नजर द्यायची तिला लाज वाटायची. चौथ्या आठवड्यात शून्य आलं.

रबाबने बाही खाली केली. “अब्ला, मोठ्या बहिणीसारखी तू, एक काम करशील?”

“जीव माग, पोरी.”

“सरबत गेलं त्या घरांत जाऊन सांग, मी टाकी उचलली नव्हती. मला दारोदार सांगत फिरवत नाही गं.”

इन्साफ गेली. प्रत्येक दारात तेच बोलली, “चूक माझी. एका आकड्यावर मी किलकारी काढली. असा गर्भ आपोआप गळतो. पोरीने काही केलं नाही.” कुणी ‘असू दे’ म्हणालं, कुणी हसलं. आठव्या दारात तिला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. नववं दार तिचं स्वतःचंच; त्याच्यापुढून ती हाज्जाकडे गेली.

हाज्जाने सगळं ऐकून घेतलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“महिना होत आला, मी तिच्याशी शब्द बोलले नाही,” ती म्हणाली. “तू आठ घरं फिरलीस. मी आता कुणाच्या दारात जाऊ, इन्साफ?”

इन्साफने आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथे रबाब कपड्यांच्या घड्या घालत होती.